आधी पाणी पाहावे, मग पक्षी : नांदूर मधमेश्वरच्या काठावरील पाणपक्षी निरीक्षण

पाणथळ जागी पहिल्यांदा पक्षी पाहायला गेलेल्या माणसाला एकाच वेळी इतके पक्षी दिसतात की सुरुवात कोठून करावी हेच त्याला उमगत नाही. रानात एकेका पक्ष्यासाठी ताटकळावे लागते. येथे मात्र पाण्यावर बदकांचे थवेच्या थवे तरंगत असतात, चिखलात असंख्य इवले पाय धावत असतात, डोक्यावरून बगळ्यांची रांग जात असते, आणि हातातील पुस्तकाचे नेमके पान सापडेपर्यंत समोरचा पक्षी निघून गेलेला असतो. नांदूर मधमेश्वर जलाशयाच्या काठावर बरेच हिवाळे घालवल्यावर मी सोबत आलेल्या नव्या माणसाला पहिली सूचना एकच देतो: पहिली दहा मिनिटे दुर्बीण गळ्यातच राहू द्यावी आणि आधी पाणी पाहावे. पाणी कोठे वीतभर आहे, कोठे पुरुषभर आहे, कोठे नुकतेच ओसरून गाळ उघडा पडला आहे आणि कोठे ते जलपर्णीने झाकले आहे, हे एकदा डोळ्यांत बसले की कोणता पक्षी कोठे असणार याचा अंदाज बांधता येतो, आणि ओळखीचे निम्मे काम दुर्बीण उचलण्याआधीच होऊन जाते. पाणपक्ष्याची चोच आणि पाय तो ज्या पाण्यात चरतो त्या पाण्याला बेतलेले असतात.

जागा, हंगाम आणि पाण्याची पातळी

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे हे पाणी साठते. बंधारा सिंचनासाठी होता, पक्ष्यांचा विचार त्यात कोणी केलेला नव्हता. परंतु दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षे आणलेला गाळ त्याच्यामागे साचत गेला, त्यातून बेटे आणि उथळ पसरट किनारे तयार झाले, त्यांवर पाणकणीस आणि बाभळी वाढल्या आणि मैलोन्‌मैल पसरलेला उथळ जलाशय पक्ष्यांना मोकळा झाला. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून याचे नाव जाहीर झाले. राजस्थानातील प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असेही या जागेला म्हणतात. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत.

पावसाळ्यात ‘नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग’ अशी बातमी आपण दरवर्षी ऐकतो, तो हाच बंधारा. पक्षी पाहणाऱ्यानेही ही बातमी कान देऊन ऐकण्याजोगी आहे, कारण येथील पाण्याची पातळी निसर्गाइतकीच पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर चालते. वरच्या अंगाला गंगापूर, दारणा, पालखेड ही धरणे आहेत आणि बंधाऱ्यातून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघतात. कालव्यांसाठी आवर्तन (पाळीचे पाणी) सुटले की वरून येणाऱ्या पाण्याने जलाशय भरतो, काल ज्या गाळावर पाणटिवळे आणि टिलवे यांसारखे चिखलपक्षी चरत होते तो गाळ पाण्याखाली जातो आणि ते सगळे पक्षी तेथून हलतात. त्याच दिवशी बदकांना मात्र पसरायला जास्त पाणी मिळालेले असते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तेथील वाटाड्याला किंवा ओळखीच्या मासेमाराला फोन करून “मामा, पाणी सुटलंय का?” एवढे विचारून घ्यावे. हा एक प्रश्न मी विचारला नाही म्हणून दोन वेळा चिखलपक्ष्यांसाठी केलेली फेरी फुकट गेली आहे.

हंगाम ढोबळमानाने ऑक्टोबर ते मार्च असा सांगितला जातो आणि तो बरोबरच आहे, तरी त्याचे आतले टप्पे लक्षात ठेवावेत. तुतवार आणि इतर चिखलपक्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उतरू लागतात. बदके दिवाळीच्या आगेमागे येऊ लागतात, परंतु त्या वेळी बहुतेक जातींचे नर पीस बदलून गेलेले, मादीसारखेच मातकट असतात आणि त्यांना ओळखणे अनुभवी माणसालाही जड जाते. डिसेंबर-जानेवारीपर्यंत नरांवर पूर्ण रंग चढतो. नव्याने शिकणाऱ्याने म्हणूनच पहिली फेरी डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत करावी, म्हणजे पुस्तकातील चित्र आणि पाण्यावरील पक्षी यांचा मेळ बसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरते, गाळ उघडा पडतो, काठाकाठाने गाळपेर (उघड्या गाळावरची पेरणी) झालेली दिसते आणि चिखलपक्ष्यांसाठी तो काळ उत्तम असतो.

नाशिकहून हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांना निफाड स्थानक जवळ पडते. चापडगाव येथून अभयारण्यात प्रवेश होतो. मांजरगाव, कोठुरे आणि खाणगाव थडी ही काठावरची इतर गावे होत. (‘थडी’ म्हणजे नदीचा काठ, गावाच्या नावातच पाणी आहे.) हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली घसरल्याच्या बातम्या येतात त्या खऱ्या मानून कपडे घ्यावेत. पहाटे निरीक्षण मनोऱ्यावर वारा झोंबतो आणि गारठलेल्या बोटांनी दुर्बिणीचे चाक नीट फिरत नाही, त्यामुळे स्वेटर, कानटोपी आणि पातळ हातमोजे जवळ असावेत. कपड्यांचे रंग मातकट, राखी किंवा गडद हिरवे ठेवावेत. पांढरा आणि भडक रंग टाळावा.

दुर्बीण आणि ती डोळ्यांना लावण्याची रीत

पाणपक्ष्यांसाठी ८×४२ ही दुर्बीण मी सुचवतो. पहिला आकडा ती किती पट मोठे दाखवते हे सांगतो आणि दुसरा आकडा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. पाण्यावरील पक्षी लांब असतात म्हणून लोकांचा ओढा १० किंवा १२ पटीच्या दुर्बिणीकडे असतो, परंतु जितकी पट जास्त तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो आणि दृश्याचा घेर लहान होतो, त्यामुळे शंभर बदकांत आपण पाहत असलेले बदक पुन्हा सापडत नाही. दूरच्या पक्ष्यांसाठी तिवईवर बसवायचा २० ते ६० पटीचा स्पॉटिंग स्कोप असला तर फार उपयोग होतो. गटात असा एक असला तरी पुरतो आणि पहिल्या वर्षी तो विकत घेण्याची गरज नाही. सकाळी दहानंतर मात्र पाण्यावरील हवा तापून थरथरू लागते आणि त्या थरथरीत साठ पटीचा स्कोपही फक्त हलणारे डाग दाखवतो.

दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवून न घेता वर्षानुवर्षे धूसर पाहणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून ही कृती सविस्तर सांगतो. आधी दोन्ही नळ्यांमधील सांधा उघडत-मिटत दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसेपर्यंत अंतर जमवावे. मग पन्नासेक मीटरवरील एखादी स्थिर, रेखीव वस्तू निवडावी. मनोऱ्यावरील फलकाची अक्षरे त्यासाठी चांगली. उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्याने पाहत मधले चाक फिरवावे आणि अक्षरे धारदार करावीत. आता डावा डोळा मिटावा, उजवा उघडावा आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या नेत्रभिंगावरील कडे फिरवून तीच अक्षरे पुन्हा धारदार करावीत. हे कडे ज्या खुणेवर थांबले ती खूण लक्षात ठेवावी. यापुढे दिवसभर केवळ मधले चाक फिरवायचे असते. चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्रभिंगाभोवतीची रबरी कडी पूर्ण आत फिरवून घ्यावी, नाहीतर दृश्याचा कडेचा भाग कापला जातो. आणि पक्षी दुर्बिणीत सापडण्यासाठी नजर पक्ष्यावरून ढळू न देता दुर्बीण डोळ्यांसमोर आणावी. खाली पाहून दुर्बीण उचलली आणि मग पक्षी शोधायला गेले की तो हाती लागत नाही.

सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडावा. सूर्याकडे तोंड करून पाहिले तर पाणी चमकते आणि सगळे पक्षी काळे दिसतात. त्यासाठी सकाळी पूर्वेकडच्या काठावर आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या काठावर बसावे. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी अर्धा तास जागेवर असलेले बरे.

खोलीप्रमाणे पक्षी

आता पाण्याकडे वळू, आणि ते काठापासून आत जाऊ.

सर्वांत अलीकडे ओला गाळ असतो, ज्यावर पाणी नखभरही नसते. येथे कंठेरी चिखल्या दिसतो. चार पावले पळणे, एकदम थांबणे, टोच मारणे आणि पुन्हा पळणे या चालीवरून तो दुरूनही ओळखता येतो, आणि जवळ असेल तर डोळ्याभोवतीचे पिवळे कडे स्पष्ट दिसते. चिमणीएवढा छोटा टिलवा थांबत नाही. तो शिवणयंत्राच्या सुईसारखा गाळात सतत टोचत पुढे सरकतो. गाळ आणि गवत जेथे भेटतात तेथे पाणलावा दबून बसलेला असतो आणि त्याच्या पाठीवरचे पिवळसर पट्टे गवताच्या सुकल्या पातींत इतके मिसळतात की त्याला शोधण्याऐवजी त्या कडेवरून दुर्बीण अतिशय सावकाश फिरवावी आणि लांब सरळ चोच किंवा टपोरा डोळा सापडतो का ते पाहावे.

पाणी दोन-चार बोटे झाले की तुतवारांची हद्द सुरू होते, आणि नवख्याचे सर्वांत जास्त चुकते ते येथेच. तीन तुतवार वेगळे करता आले तर पुढे कोणताही चिखलपक्षी भीतिदायक वाटत नाही, म्हणून त्यांवर एक पूर्ण सकाळ खर्च करावी. साधा तुतवार आपला मागचा भाग सतत वरखाली हलवतो, त्याच्या छातीचा पांढरा रंग पंखाच्या पुढच्या बाजूला खांद्याकडे पाचरीसारखा चढलेला असतो, आणि तो उडतो तेव्हा पाण्याला लागून, पंख ताठ धरून, थरथरत जातो. हिरवा तुतवार पाठीवर इतका गडद असतो की उडाला की एकदम झळकणाऱ्या पांढऱ्या कमरेमुळे तो काळा-पांढराच वाटतो. तो बहुधा एकटा असतो आणि चरीच्या किंवा डबक्याच्या आडोशाला राहतो. ठिपकेवाल्या तुतवाराच्या पाठीवर बारीक फिकट ठिपके असतात, डोळ्यावरून पांढरी भुवई ठळक जाते आणि पाय पिवळसर असतात. प्रकाश वाईट असेल तर रंग सोडून द्यावेत आणि शेपटी, भुवई, कंबर या तीनच गोष्टी पाहाव्यात.

वीतभर पाण्यात लांब पायांचे पक्षी येतात. शेकाट्याचे काठीसारखे लांब गुलाबी पाय पाहून त्याचे नाव असे का पडले हे सांगावे लागत नाही. काळ्या शेपटीचा पाणटिवळा मोठ्या थव्याने पोटापर्यंत पाण्यात उतरतो आणि लांब सरळ चोच डोळ्यांपर्यंत गाळात खुपसतो. त्या चोचीचे बूड गुलाबी आणि टोक काळे असते. येथेच चमच्या भेटतो. उघडी ठेवलेली चपटी चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चार-सहा चमचे एका ओळीत चालतात, तेव्हा गवत कापणाऱ्या माणसांची पात पुढे सरकावी तसे ते दृश्य दिसते. चमच्याला पाण्यात भक्ष्य दिसण्याची गरज नसते, चोचीला लागताच ती मिटते. म्हणूनच तो गढूळ पाण्यातही निवांत चरतो. चित्रबलाकही थोडीफार अशीच चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात धरतो आणि मासा लागण्याची वाट पाहतो. त्याच्या शेपटीजवळची गुलाबी पिसे उन्हात पाहावीत. मुग्धबलाकाच्या दोन चोचींमध्ये मात्र कायमची फट असते आणि तो शंखातील गोगलगाई काढून खातो, त्यामुळे त्याच्या उभ्या राहण्याच्या जागेवर रिकामे शंख सापडतात.

पांढऱ्या बगळ्यांचा घोळही येथेच मिटवून घ्यावा. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी बोटे असली तर तो छोटा बगळा. हिवाळ्यात मोठ्या आणि मध्यम बगळ्याची चोच पिवळीच असते आणि पाय काळे, म्हणून लोक उंचीवरून अंदाज करतात आणि पक्षी एकटा असला की फसतात. त्याऐवजी तोंडाच्या फटीची रेघ पाहावी. ती डोळ्याच्या मागेपर्यंत गेली असेल तर मोठा बगळा, आणि डोळ्याखालीच संपली असेल तर मध्यम बगळा. गाय बगळा पाण्यापेक्षा गुरांमागे आणि नांगरटीत जास्त असतो.

गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पाण्यात पृष्ठभागावर चरणारी बदके असतात. ती बुडी मारत नाहीत. डोके पाण्यात घालून, शेपूट आकाशाकडे करून, मान पोहोचेल तेवढ्या खोलीवरचे खातात. म्हणजे अशा बदकांचा थवा ज्या जागी शेपट्या वर करून चरतो आहे तेथे पाणी किती आहे हे त्यांच्या मानेच्या लांबीवरून कळते; तलवार बदक मान लांब असल्यामुळे लहानखुऱ्या चक्रांग बदकापेक्षा थोड्या खोल पाण्यात चरते. थापट्याची चोच पुढे पसरट, उलथन्यासारखी असते. दहा-वीस थापटे एकमेकांच्या मागे लागून गोल गोल पोहतात, त्या भोवऱ्याने तळातले सूक्ष्म जीव वर येतात आणि प्रत्येक थापट्या पुढच्याने ढवळलेले पाणी चोचीतून गाळून घेतो. गडवाल दुरून अगदी साधा राखी वाटतो, परंतु त्याच्या नराचा मागचा भाग काळाकुट्ट असतो. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी दोन लाल ठिपके असतात, म्हणून हे नाव. हे बदक स्थानिक आहे आणि वर्षभर दिसते. चक्रवाक विटकरी रंगामुळे लपत नाही आणि तो बहुधा जोडीने बेटावर उभा असतो. चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते असा जुना कविसंकेत आहे. हे पक्षी लडाखसारख्या उंच प्रदेशात वीण करून आपल्याकडे हिवाळ्याला येतात.

मध्यभागी, जेथे पाणी खोल आणि मोकळे असते, तेथे बुडी मारणारी बदके असतात: मोठी आणि छोटी लालसरी, शेंडी बदक. त्यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात, त्यामुळे ती पाण्यावर जरा बुडाल्यासारखी बसतात, जमिनीवर क्वचित येतात, आणि उडताना त्यांना पाण्यावरून धाव घ्यावी लागते. उथळ पाण्यातील बदके मात्र जागच्या जागी सरळ उसळून उडतात. एवढ्या एका फरकावरून दूरचा थवा कोणत्या गटातला हे सांगता येते. धाव घेणारा काळा पक्षी पांढऱ्या कपाळाचा असेल तर तो बदक नाही, तो वारकरी. आणि बदकाच्या पिलाएवढा, शेपूट नसल्यासारखा गोलमटोल पक्षी पाहता पाहता बुडाला आणि भलतीकडे निघाला तर ती टिबुकली.

जलपर्णी हा गोदावरीचा आजार आहे आणि ती वाढत गेली तर मोकळे पाणी उरत नाही. तरीही पक्षी पाहताना तिच्यावरून नजर फिरवावी लागते, कारण कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तिच्यावरच चालतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची ती शेपटी विणीच्या हंगामातच असते. हिवाळ्यात तो पांढरट-तपकिरी दिसतो, मानेच्या बाजूने काळी रेघ खाली उतरते, आणि पंख उघडताच ते इतके पांढरे निघतात की क्षणभर दुसराच पक्षी उडाला असे वाटते. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा कोवळा देठ उपटते, तो एका पायाच्या बोटांत मुठीसारखा धरते आणि चोचीपर्यंत उचलून सोलून खाते. हे पाहायला मिळाले तर यादी बाजूला ठेवावी आणि दहा मिनिटे तेच पाहावे.

भोवत्या आला की

दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख उथळ ‘व्ही’सारखे वर धरून पाणकणसावरून कमी उंचीने फेऱ्या मारतो. त्याची मादी गर्द तपकिरी असते आणि डोके फिकट पिवळसर. तो बदकांच्या दिशेने वळला की प्रथम कडेचे थवे माना ताठ करतात, मग एकच आवाज होऊन सारे पाणी उडते, आणि तोपर्यंत राखी वाटणाऱ्या पक्ष्यांच्या पंखांवरच्या खुणा उघड्या होतात. त्या अर्ध्या मिनिटासाठी तयार असावे: गडवालाच्या पंखाच्या आतल्या बाजूला पांढरा चौकोन, थापट्याच्या पंखाच्या पुढच्या भागावर फिकट निळा रंग, चक्रवाकाच्या त्याच भागावर मोठा पांढरा, आणि पाणटिवळ्याच्या काळ्या शेपटीवर पांढरी कंबर व पंखभर पांढरी पट्टी. बसलेल्या थव्यात जे ठरवता आले नव्हते ते उडताना ठरते.

मात्र ही संधी भोवत्याने दिलेली असावी, आपण घेतलेली नसावी. फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याचा मला मनापासून संताप येतो. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी येथे खाऊन चरबी साठवतो आणि मार्चमध्ये त्याच चरबीवर परत जातो. त्याला प्रत्येक वेळी विनाकारण उडवणे म्हणजे त्याची शिदोरी संपवणे होय. पक्षी आपल्यामुळे अस्वस्थ झाला की ते आधी त्याच्या मानेत दिसते. चरणे थांबते, माना उभ्या होतात, सगळा थवा एकाच दिशेने हळूहळू पोहत दूर जाऊ लागतो. ही खूण दिसताच जागीच थांबावे आणि खाली बसावे. तरीही माना खाली गेल्या नाहीत तर मागे फिरावे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी होडीने जातात, तेथेही नावाड्याला आधीच सांगून ठेवावे की थवा चालू लागला की वल्हे थांबवावे आणि होडी थव्याच्या कडेने न्यावी, कधीही सरळ अंगावर नेऊ नये. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत. काठावरची गाळपेर आणि द्राक्षबागा लोकांच्या कष्टाच्या आहेत, त्यामुळे बांधावरून चालावे आणि मालक दिसला तर विचारून पुढे जावे. एप्रिलनंतर मोकळ्या माळावरून चालताना पायाखाली पाहावे, कारण टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांत बेमालूम मिसळलेली असतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर आल्या पावली परतावे.

नोंद आणि मोजणी

नोंद जागेवरच करावी. घरी आल्यावर आठवून लिहिलेल्या यादीत आपल्याला दिसावेसे वाटलेले पक्षी शिरतात. साध्या वहीत तारीख, वेळ, ठिकाण, पाणी चढते की उतरते, आणि मग पक्षी व संख्या इतके लिहिले तरी पुरे; ओळख पटली नाही तर नाव न लिहिता चोच, पाय, आकार आणि तो कोणत्या खोलीच्या पाण्यात होता हे लिहावे, म्हणजे जाणत्याला विचारता येते. ई-बर्ड या अ‍ॅपवर ही यादी भरली तर ती संशोधकांनाही वापरता येते.

मोठा थवा मोजण्यासाठी एका टोकाचे दहा पक्षी खरोखर मोजावेत, ते दहा डोळ्यांना केवढे दिसतात हे मनात धरावे, त्या मापाने पन्नासचा एक तुकडा आखावा आणि असे तुकडे थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत किती बसतात ते पाहावे. दोन माणसांनी वेगवेगळे मोजून आकडे शेवटी सांगितले तर चूक लवकर कळते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालू असलेल्या या गणनेत स्वयंसेवक लागतात आणि मोजायला शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली शाळा नाही. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याचा शेवटचा दिवस डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस आहे. नवशिक्यासाठी त्या आठवड्यातील फेऱ्या सोयीच्या पडतात, फक्त त्या वेळी बदकांचे रंग अजून भरलेले नसतात हे ध्यानात ठेवावे.

शक्य असेल तर एक दिवस अंधार पडेपर्यंत थांबावे. बहुतेक लोक सकाळी अकरापर्यंत आटोपून निघतात आणि दुपारी चारनंतर मनोरे रिकामे असतात. सूर्य मावळला की शेतांत चरून आलेले क्रौंच, असतील तर, लांबून तुतारीसारखा आवाज देत रांगेने येतात आणि उथळ पाण्यात उभे राहून रात्र काढतात. बगळे बाभळींवर उतरून जागेसाठी कुरबुर करत राहतात. उलट दिशेने अडया (शीळ घालणारी बदके) चरायला बाहेर पडतात. त्या दिसण्याआधी त्यांची शीळ ऐकू येते, आणि दुर्बिणीतले रंग संपल्यावरही आकाशाच्या उजेडावर त्यांचे लांब मानेचे आकार मोजता येतात. वहीत ‘अडई, किमान’ असे लिहून पुढे आकडा टाकावा, विजेरी जमिनीकडे धरावी आणि बोलणे न करता बांधावरून परत यावे.